मेजरसाहेबांचा उजवा गुडघा

हे सांगायचं म्हणजे मला आधी तोंड लपवायला जागा हवी. पण आमचा निखिल कुणाच्याही घरी गेला की ही गोष्ट अर्धीच सांगतो आणि उरलेली अर्धी लोक आपापल्या मनाने भरतात. त्यापेक्षा मीच सांगते. तुम्ही चहा घ्या, फक्त मध्येमध्ये माझ्याकडे बघू नका.

मी मुळात कमी बोलते. लग्नाआधी हा गुण होता. ‘मुलगी शांत आहे हो,’ असं आई पाहुण्यांना अभिमानाने सांगायची. लग्न होऊन दुबईला आले आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा दोष झाला. करामामधला आमचा फ्लॅट शेअरिंगचा. एका खोलीत आम्ही, दुसरीत एक कुटुंब, स्वयंपाकघर दोघांत एक. तिथल्या वहिनींनी एकदा निखिलला बाजूला घेऊन विचारलं, “बायको रुसलीय का रे?”

अशात मेजर पाटणकरांचं जेवणाचं आमंत्रण आलं.

मेजर पाटणकर म्हणजे निखिलच्या कंपनीचे मालक. सैन्यात अधिकारी होते, मग नोकरी सोडून गल्फमध्ये आले. रास अल खैमाला दुसऱ्यांच्या टाइल्स विकता विकता शेवटी स्वतःचा कारखाना काढला. ऑफिसात नवा माणूस आला की ही कहाणी त्याला पहिल्याच आठवड्यात ऐकावी लागते. उजवा पाय ते किंचित ओढत चालतात. “सीमेवर गोळी लागलेली,” निखिल गाडीत म्हणाला. आवाज इतका खाली आणून म्हणाला, की मी एसी कमी केला.

साहेबांची एक पद्धत होती. मोठ्या जागेवर माणूस नेमायचा, तर आधी त्याला जोडीनं घरी जेवायला बोलवायचं. घरात याचं कसं चालतं ते बघायचं आणि मग ठरवायचं. अबुधाबीची ब्रँच रिकामी होती. ती मिळाली की कंपनीचा फ्लॅट मिळणार होता. म्हणजे माझं स्वतःचं स्वयंपाकघर! मनात आलं की उठून चहा टाकायचा, कुणाचा कुकर उतरायची वाट बघायची नाही. शेअरिंगमध्ये राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

“आज प्लीज जरा बोल,” निखिल म्हणाला. “तू गप्प बसलीस की त्यांना वाटेल, घरात काहीतरी बिनसलंय. असं करू. मी टेबलाखालून पाय मारला की तू बोलायचं.”

“काय बोलायचं?”

“काहीही. थांबू नकोस म्हणजे झालं.”

हे लक्षात ठेवा. पाय मारला की बोलायचं.

साहेबांचं रास अल खैमातलं घर मोठं, खाली इराणी गालिचा, त्यात पाय घोट्यापर्यंत बुडतोय असं वाटावं असा. नमस्काराला वाकले तर साहेबांनी अर्ध्यातच अडवलं आणि “सूनबाई, या” म्हणाले. त्यांच्या बायकोला मी मॅडम म्हणाले, तर त्या म्हणाल्या, काकू म्हण. भरली वांगी वाढली. मी खाली मान घालून जेवू लागले.

पहिला पाय आला. मी म्हणाले, “वांगी छान झालीत.”

दुसरा पाय आला. मी म्हणाले, “रास अल खैमाला डोंगर आहेत, नाही?” डोंगर खिडकीतून दिसत होते. माझी मलाच कीव आली.

शेवटी साहेबांनीच विचारलं, माहेर कुठलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मग घरात फुटबॉल असणार.”

आता तुम्हीच सांगा. कोल्हापूर म्हटलं की जगात सगळे तांबड्या रश्श्यावर येतात. फुटबॉलचं विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. आणि हे तर पुण्याचे, असं निखिलने सांगितलं होतं. माझ्या आत काहीतरी उघडलं. मी बोलायला लागले, आणि या वेळी पाय न मारता.

माझे बाळूकाका कॉलेजच्या टीमचे गोलकीपर होते. फायनलला समोरच्या कॉलेजकडून एक स्टार खेळाडू होता. तो बॉल घेऊन निघाला की म्हणे वर्ग ओस पडायचे आणि मुली मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या. बरोबरी होती, सामना संपत आला होता. हा पठ्ठ्या काकांच्या अंगावर आला आणि काकांनी नुसतं बघितलं तर पडला. पडला तो पडला, वर लोळला. रेफरीने पेनल्टी दिली, कप गेला. काकांनी पुढे आयुष्यात त्याचं नाव घेतलं नाही. ते त्याला ‘लोळ्या’ म्हणतात. आमच्याकडे शाळा बुडवायला कुणाचं पोट दुखलं, तर आजही घरातलं मोठं माणूस म्हणतं, “ऊठ, लोळ्या करू नकोस.”

इथे निखिलचा पाय आला. जोरात आला.

मला वाटलं, रंगतंय! बोलत राहा म्हणतोय.

साहेब पुढे झुकले होते. “मग? लोळला म्हणजे कसा लोळला?”

मी सांगितलं, माशासारखा. आणखी एक पाय आला, यावेळी नडगीवर. मी सांगितलं, काका म्हणतात, एवढं नाटक करणारा माणूस पुढे नक्की तमाशात गेला असणार. पायावर पाय येऊ लागले. निखिल इतका खूष झालेला मी लग्नानंतर पाहिला नव्हता. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि तो माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता. माझी भिंतीकडे पाठ होती. मी निरीक्षण करणारी बाई, असं स्वतःला समजते. त्या दिवशी मागे वळून बघायचं काही मला सुचलं नाही.

“करूनच दाखव,” साहेब म्हणाले.

आणि मी उठले हो! कांजीवरम सावरत गालिच्यावर गेले. मी लहान असताना काका दर गणपतीत करून दाखवायचे, तसाच डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला, “आई गंऽऽ” म्हणत आडवी झाले आणि एक लोळण घेतली. पूर्ण.

कुणी हसलं नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, “डावा नाही, सूनबाई. उजवा.”

आडवी होते म्हणूनच मला ती भिंत नीट दिसली. भिंतीवर फोटो होता, काळापांढरा. अकरा मुलं, मधल्याच्या पायाशी बॉल, शेजारी कप. खाली कॉलेजचं नाव. कोल्हापूरचं. त्या मधल्याचाच चेहरा टेबलाशी बसला होता, फक्त केस पांढरे झाले होते.

साहेब कॉलेजसाठी तिथे हॉस्टेलवर राहिले होते म्हणे.

मला उठावंसंच वाटेना. गालिचा जाड होता, त्यात राहून गेले असते.

साहेबांनी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली. लांब जुना व्रण. “तुझ्या काकांचा बूट. तेव्हा भरून आला, सैन्यातही चालला. पन्नाशीनंतर दुखायला लागला.”

“पण... गोळी...” निखिलच्या तोंडून निघालं.

“गोळी लोक म्हणतात. मी फक्त नाही म्हणत नाही.”

“मी कधीपासून सांगतेय यांना, खरं सांगत जा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटात वांगं वाढलं. मी अजून गालिच्यावरच होते.

मग साहेबांनी मला काकांना फोन लावायला लावला, स्पीकरवर. मी सांगितलं, काका, तुमचे ते फायनलचे, मी त्यांच्याच घरी जेवायला आलेय. पुढचं मला बोलूच दिलं नाही.

“कोण, लोळ्या? अजून उभा हाय व्हय त्यो?”

अबुधाबीचं स्वयंपाकघर मला डोळ्यांसमोर दूर जाताना दिसलं.

“उभा आहे, बाळ्या,” साहेब म्हणाले. “तुझा बूट गुडघ्यात घेऊन उभा आहे.”

बाळूकाकांना हळू बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण आता फोनवरून हळू आवाज आला, “लई लागलं हुतं काय रं?”

साहेबांनी व्रणावर हात फिरवला. “नाही रे. मी लोळलोच जरा जास्त.”

पुढे दोघं किती वेळ बोलले कोण जाणे. श्रीखंडाला कुणी हात लावला नाही. परतताना गाडीत निखिल एक शब्द बोलला नाही आणि त्याला पायाने खुणावायची माझी छाती नव्हती.

ब्रँच मिळाली. कशी ते विचारू नका, मलाही कळलेलं नाही. अबुधाबीच्या घरी मेजरसाहेब आणि काकू चहाला आले. सोबत गुंडाळी करून आणलेला गालिचा होता. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने हॉलमध्ये अंथरला, हाताने दाबून बघितला आणि म्हणाले, “सूनबाई, आता पडायचं तर आपल्या घरात पडा.”

मी चहा टाकायला आत पळाले. स्वतःचं स्वयंपाकघर लपायला इतकं कामी येईल, हे शेअरिंगमध्ये असताना काही सुचलं नव्हतं.