आनंदाबाईला बसवत नाही

लग्नात लांब पोळी करायची तर सिंदी मेघे गावात आनंदाबाईलाच बोलवायचं, असा आमचा शिरस्ता. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायची. दिसायला सोपं. मी एकदा करायला गेले आणि पोळी माझ्याच खांद्यावर पडली, तेव्हापासून मी फक्त खाते.

या बाईला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, हे तिचा नवरा रूपराव आणि शेजारीण म्हणून मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. तरुणपणी तिच्या कानात माणसं बोलायची. अंगात देवी आली म्हणून घरच्यांनी तिला देवळादेवळांतून फिरवलं, उपास घडवले, आणि बाई वाळून काडी होऊन परत आली. पुढे दवाखान्याच्या गोळीनं ती माणसं गप्प झाली. पण खरं कळलं तर लोक हातचं खाणार नाहीत, म्हणून ती सगळ्यांना "बीपीची गोळी" सांगायची. बीपीवाल्याच्या हातचं कोणालाही चालतं.

यंदा शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी डोक्याची जुनी गोळी हळूहळू कमी करत नवी सुरू केली आणि आनंदाबाईला बसवेना. जेवायला बसली की उठायची, अंगणात फेऱ्या मारायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची.

"आतून कोणी ढकलून राह्यलं मले," ती म्हणाली.

कानात कोणी बोलतं का, मी विचारलं.

"नाई. पण आता बोलनच. बिमारी वापस येऊन राह्यली माही."

ती भीती तिला त्रासापेक्षा जास्त खात होती. रूपराव म्हणाला, "बंद कर मंग ते गोळी." ती म्हणाली, "बंद केली त पुन्हा देवळात बसवसान मले." मी म्हटलं, आजच दवाखान्यात जाऊ. पण गावातल्या कमलाच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं, आणि शब्द दिलेली आनंदाबाई ऐकते कुठे.

लग्नाच्या दिवशी मांडवामागे चूल पेटली. आनंदाबाई पाटावर बसायची, एक पोळी टाकायची, उठून फेरी मारायची, परत यायची. घामानं चिंब, पाय थांबत नाहीत. "देवी आली व," कोणीतरी म्हणालं, आणि पाहता पाहता हळदीकुंकवाचं ताट आलं. बायका पाया पडू लागल्या. एकीनं तर विचारलं, "माय, माह्या पोराले नोकरी लागन का?"

आनंदाबाईचं कपाळ कुंकवानं भरलं होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी जन्मभर मान मिळाला असता. खरं सांगते, मलाही वाटलं, म्हण बाई हूं आणि वेळ मारून ने.

"देवी नाई आली," ती म्हणाली. "डोक्याची बिमारी हाये मले. लय वर्षांची. गोळी बदलली, तवापासून बसवत नाई."

ताटवाली मागे सरकली. नोकरीवाली पायाला लावलेला हात पदराला पुसत निघून गेली. तिचा मला अजून राग आहे. तेवढ्यात नवरीची आई, कमला, आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आपल्या नव्या शालूच्या पदरानं तिनं आनंदाबाईचं कपाळ पुसलं.

"बसवत नाई त फिरत फिरत लांबव पोळी," ती म्हणाली. "मडक्यापाशी आमी बसतो."

आणि त्यानंतर उतरलेली पहिली पोळी तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, तोडून खाल्ली. मग पंगत बसली. काही जणींनी नुसता भात खाल्ला, खाऊ देत.

दुसऱ्या दिवशी दारचा मांडव तसाच सोडून कमला आमच्यासोबत वर्ध्याला आली. डॉक्टरीणबाईंनी आनंदाबाईचे पाय पाहिले, बरंच विचारलं. म्हणाल्या, "हा नव्या गोळीचा त्रास आहे. काही जणांना होतो. लगेच यायला हवं होतं, पण मनानं गोळी सोडली नाही हे फार चांगलं केलं. मी प्रमाण कमी करते, पायांसाठी वेगळं औषध देते. थोडे दिवस लागतील."

"मंग बिमारी वापस नाई आली?"

"नाही."

"मी बरी हाये नं?"

"बऱ्या आहात."

समोर रिकामी खुर्ची होती. आनंदाबाई डोळ्यांना पदर लावून, या पायावरून त्या पायावर होत, उभ्याउभ्याच रडली. कमला बसली होती, तीही उठून तिच्याजवळ उभी राहिली.