ट्रकचा कॉम्प्युटर मीच बदलतो

ट्रकचा कॉम्प्युटर बदलताना मी बॅटरीची वायर काढायला विसरलो.

बाकी एकही काळजी घ्यायची मी सोडली नव्हती. अमेरिकेत चँडलर नावाच्या गावातल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरीला होतो. माणसाच्या अंगातल्या स्थिर विजेने नाजूक चिपचं कसं वाटोळं होतं, यावर नव्या लोकांना लेक्चर द्यायचं काम माझ्याकडेच होतं. त्यामुळे मी ऑफिसातून आणलेला, अंगातली वीज वाहून नेणारा तारेचा पट्टा मनगटाला बांधला. सिंथेटिक शर्टाने वीज साठते म्हणून सुती बनियनवर उभा राहिलो. नवा कॉम्प्युटर पिशवीतून काढताना श्वाससुद्धा बेताने घेतला. आणि या सगळ्या सोवळ्यापासून हातभर अंतरावर बारा व्होल्टची बॅटरी दोन्ही वायरींसकट निवांत बसलेली होती.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालट्रक नव्हे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, असा पिकअप. आमच्या ओळखीतले सगळे मराठी लोक पहिली गाडी म्हणून मुकाट्याने जपानी सेडान घ्यायचे. मी पिकअप घेतला. का, ते विचारू नका. बायकोने विचारलं होतं, तेव्हाही मला सांगता आलं नव्हतं. पण ड्रायव्हिंग ती त्याच धुडावर शिकली. मी रोज एका नागपूरकर मित्राच्या गाडीतून ऑफिसला जायचो, म्हणजे ट्रक खरं तर तिच्यासाठीच होता.

फक्त तिच्याकडे लायसन्स नव्हतं. डिपेंडंट व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती, आमच्या भागात बस फिरकत नव्हती, आणि बाहेर चालायला जावं तर ऑगस्टातलं ॲरिझोनाचं ऊन. दीड वर्ष ती त्या अपार्टमेंटमध्ये माझी वाट बघत बसली होती. शेवटी तिने कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या कोर्सला ॲडमिशन घेतली. क्लास सोमवारपासून, सहा वाजता. माझी आणि मित्राची शिफ्ट सुटायची सातला. म्हणजे तिचं तिलाच जावं लागणार होतं. रोड टेस्टची तारीख मिळाली त्याआधीच्या शुक्रवारची.

आणि ट्रक तापला की बंद पडायला लागला. मेकॅनिक म्हणाला, इंजिनचा कॉम्प्युटर उन्हाने खलास झालाय, गुरुवारी सकाळी आणा, दुपारपर्यंत बदलून देतो.

"कशाला?" मी घरी येऊन म्हणालो. "मीच बदलतो. चार स्क्रू आणि एक कनेक्टर. हे तर माझंच फील्ड आहे."

"अरे, त्याला करू दे ना. शुक्रवारी माझी टेस्ट आहे."

"म्हणून तर! त्याच्यावर कशाला अवलंबून राहायचं?"

गुरुवारी संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये बॉनेट उघडून मी जुना कॉम्प्युटर काढला, नवा बसवला. कनेक्टर दाबताना 'टिक' असा आवाज झाला. नीट बसल्याचा असेल, म्हणून मला बरं वाटलं. किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन काही पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. घाबरून मी जुना कॉम्प्युटर परत लावला. आता तोही ढिम्म. बायको बाजूला उभी राहून बघत होती.

मेकॅनिकला फोन लावला.

"बॅटरी सोडवली होती ना?" त्याने विचारलं.

"मी पट्टा बांधला होता," मी म्हणालो.

"कसला पट्टा?"

मी समजावून सांगितलं. मग तो म्हणाला, बॅटरी चालू ठेवून कनेक्टर जोडलात, दोन्ही कॉम्प्युटर जळाले असतील, पुढच्या आठवड्यात टो करून आणा.

नागपूरकर मित्र आला, बॉनेटमध्ये डोकावला.

"अबे, तू चिपा बनवतो ना बे?"

"बनवतो."

"आत्ता समजलं कंपनीचा शेअर काहून पडून राह्यला." मग बायकोकडे वळून, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. उद्या माझी गाडी घेऊन जाऊ."

तिने त्याच्या सेडानमधून लॉटमध्ये दोन चकरा मारल्या. ठीक वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी आणि मित्र टेस्टच्या मैदानाबाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी परीक्षक बाईंना बसवून ती निघाली, वळली, थांबली. छान चाललं होतं. मग दोन शंकूंच्या मध्ये मागे घेऊन पार्क करायची वेळ आली, आणि एका ढगाचाही पत्ता नसलेल्या त्या आकाशाखाली गाडीचे वायपर सुरू झाले.

ट्रकमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला होता. या गाडीत तिथे वायपरचा. रिव्हर्स टाकायला तिचा हात सवयीने तिकडे गेला होता. मी उभा राहून हातवारे करायला लागलो. खाली! दोन सीट्सच्या मध्ये! मित्राने शर्ट धरून मला खाली बसवलं. "बस ना बे गुपचूप. आणखी घाबरवशील तिले." वायपर कोरड्या काचेवर खर्र खर्र करत राहिले. ते बंद करायच्या गडबडीत ब्रेक सुटला असावा. शंकू आडवा झाला.

त्या दोघी परत आल्या. परीक्षक बाईंनी, अगदी आपुलकीने, विचारलं, "ही गाडी नवी आहे का तुम्हाला?"

"मित्राची आहे," बायको म्हणाली. "आमची माझ्या नवऱ्याने रिपेअर केली."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर नापास लिहिलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची. तोवर रोज कोणाला सोडायला सांगणार? आणि पहिले दोन आठवडे दांडी मारली, तर कॉलेज नाव काढून टाकायचं.

परतताना ती पुढे बसली होती, मी मागे. दोन सिग्नल गेल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे आता जानेवारी."

पुढचा कोर्स जानेवारीत सुरू होणार होता. आणखी साडेचार महिने ते घर, ती खिडकी. मला काय बोलावं सुचेना, आणि न सुचल्यावर गप्प बसायची माझी पद्धत नाही.

"जानेवारीपर्यंत ट्रक एकदम फर्स्ट क्लास करतो बघ," मी म्हणालो. "या वेळी मी स्वतः लक्ष घालतो."

तिने मान वळवली.

"तू लक्ष घालू नकोस. तू ऑफिसला जा. तिथलं जे मोडशील, ते निदान मला चालवायचं नसतं."