बंद दारांना हाक मारणारे मामा

बंद घरांना जगात कोणी जीव लावला असेल, तर तो माझ्या मामांनी. चांदूर बाजारजवळच्या त्यांच्या गावात निम्म्या घरांना कुलपं. पण सकाळी दूध आणायला निघालेले मामा प्रत्येक दारापुढे थांबत आणि गल्ली दणाणेल असं विचारत, "हाये काय कोनी घरात?" कुलपालाही. मग ओ येण्यापुरतं थांबून पुढे जात. मामी होत्या तोवर चहा खोळंबला म्हणून भांडी आपटत. एकदा मी हसलो, तर मामा म्हणाले, "कावून हासून राहिला बे? मानूस गेला म्हून घराले इचारू नाई?"

त्यांची एकुलती लेक शालू अकोल्याला शेतकी शिकली आणि थेट कॅनडात, सपाट गव्हाच्या मुलखातल्या चिमुकल्या गावी धान्याच्या कोठारावर नोकरीला लागली. अकरा घरं, त्यांतली सहा बंद. लेक तिथे एकटी, हा मामांच्या जिवाला घोर. म्हणून रोज आपल्या सकाळी, तिच्या संध्याकाळी, शालूनं व्हिडिओ कॉलवर फोन धरून तिथल्या गल्लीतून चालायचं आणि इकडून मामांनी त्या बर्फातल्या दारांना वऱ्हाडीत हाका मारायच्या.

"बाबा, लोक हासतीन ना!"

"हासू दे. हासाले लोक त पायजेत तिथं."

गेल्या हिवाळ्यात एका हिरव्या छपराच्या घरापुढे मामा अडले. तिथली म्हातारी लेकाकडे गेली, असं सगळे समजत होते. "शालू, ओ आला. जाय, पाह्य." मी मामांच्या शेजारीच होतो, मला वाऱ्याखेरीज काही ऐकू आलं नव्हतं. शालूनं वैतागून दार ढकललं. म्हातारी स्वयंपाकघरात पडलेली, गारठलेली, पण जिवंत. बरी झाल्यावर ती म्हणाली, माझा आवाज तर आदल्या दिवशीच बसला होता, मी ओ देणार कशी? मी मामांकडे पाहिलं. मामा बशीत चहा ओतत म्हणाले, "तिनं नसन देला. घरानं देला असन." तेव्हापासून म्हातारी शालूला रोज जेवायला बोलावते. मामांचा घोर मिटला.

उन्हाळ्यात मामा गेले. शालूला पोचायला दोन दिवस उशीर झाला, आणि तो सल घेऊनच ती परत गेली. आता त्यांच्याही दाराला कुलूप आहे. परवा मी तिथे गेलो तेव्हा शालू फोनवर होती. दार पाहून म्हणाली, "दादा, हाक मार ना."

कोणी पाहत नाही ना, हे बघून मी हाक मारली. "हाये काय कोनी घरात?" कुलूप तसंच. आत काही वाजलं नाही. फोनमध्ये शालूचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"आला ना ओ, दादा! तुले नाई आला आयकू?"

मला नव्हता आला. मामांची फार आठवण झाली, आणि मी हो म्हणालो.