मी ओटी भरली नाही

रविवारी सकाळच्या एसटीनं धाराशिवहून कळंबला माहेरी गेले. दादाचा फोन आला होता, "सुजाताला सासरी धाडायचंय, ओटी भरायला ये." सुजाता म्हणजे माझी भाची, दादाची लेक. नाव बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय.

आमच्या घरात सासरी निघणाऱ्या लेकीची ओटी आत्यानंच भरायची. त्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. मी आपली हौसेनं हिरवा खण घेऊन गेले... पोरगी दिवाळीपासून माहेरी का बसलीय, हे मला कुणी धड सांगितलंच नव्हतं.

दुपारी जावई न्यायला येणार होते. त्याआधी आम्ही जेवायला बसलो. वहिनीनं शेंगोळे केले होते, सुजाताच्या आवडीचे.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली... आणि सुजातानं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला, ताट सारलं आणि ती उभी राहिली. दूधवाला होता.

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी अशीच जेवले. सून खाताना दिसली की सासरे ताट उचलून अंगणात भिरकावायचे. आता आम्ही वेगळे राहतो, तरी गेटची कडी वाजली की माझा हात अजून थांबतो.

तिला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं. ती काय बोलली ते इथं लिहिणार नाही. तिची पाठ बघितली, एवढंच सांगते.

बाहेर आले तर आमचे चुलते, तात्या, सगळ्यांना समजावत बसलेले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "सोसलं की माणूस घडतंय. हिच्याकडंच बघा की, लई सोसलं हिनं. म्हणून तर आज कुणाला भीत न्हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

डोकंच फिरलं माझं! म्हणजे माझा छळ आता या पोरीला परत धाडायच्या कामी येणार? आणि मी रडत माहेरी आले होते, तेव्हा मला परत सोडायला हेच तात्या आले होते...

शिकले मी, नाही कशाला म्हणू. पण त्याआधी कितीतरी वर्षं सगळी चूक माझीच आहे असं समजून जगले. ती वर्षं मला कोण परत देणार?

वहिनीनं ओटीचं ताट पुढं केलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, मीच आणलेला खण. मी ते घेतलं आणि खाली ठेवलं.

"तात्या, तुमचं खरंय. सोसून लई शिकले म्या. म्हणूनच हिची ओटी भरणार न्हाय."

तात्या टोपी उचलून तरातरा निघून गेले. वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादा उठला, जावयाला फोन लावला आणि म्हणाला, "येऊ नका. लेक इथंच राहणार."

थँक यू, दादा. माझ्या वेळी हे कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी आणि सुजाता परत जेवायला बसलो. शेंगोळे पार गार झाले होते. बाहेर पुन्हा कुणाची तरी गाडी थांबली. तिचा हात थांबला... माझाही. आम्ही एकमेकींकडं बघितलं, आणि दोघींनी घास तोंडात घातला.