सहा अक्षरांचे खिल्लारे सर

खिल्लारे सर वर्गात शिरले की फळ्यावर सहा इंग्रजी अक्षरं लिहीत आणि मुलांकडे पाठ करून खिडकीत उभे राहत. पी, ए, एल, ई, टी, एस. झालं, तास सुरू. त्या अक्षरांतून निघतील तेवढे शब्द मुलांनी काढायचे, आणि फळ्यावर नसलेलं अक्षर घ्यायचं नाही. “ताटात वाढलंय तेवढ्यातच जेवायचं,” असं ते म्हणत. पाठ कशाला करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “अप्पा, मास्तर बघायला लागला की पोरं मास्तरचं तोंड बघतेत. अक्षरं बघत न्हाईत.”

जिंतूर तालुक्यात, बोरीच्या पुढच्या एका गावातली ही शाळा. गावाचं नाव सांगत नाही, तिथली बरीच माणसं अजून मला रामराम घालतात. खिल्लारे सरांच्या बाजूनं उभं राहायची वेळ माझ्यावर आली होती, आणि एकदा नाही, तीनदा आली. ती कशी गेली ते सांगायला बसलोय.

मी तिथं मराठी शिकवायचो. शिकवायचो कसला, बडवायचो. माझ्याकडे निरगुडीची ओली छडी असे. गणिताचे मास्तर मुलांचं डोकं फळ्यावर आपटत. एकदा एका पोराचा कान फाटून शर्ट रक्तानं भरला, तर त्याचा बाप येऊन म्हणाला, “दुसरा कान हाय की, गुर्जी. शिकवा.” आम्ही सगळे पोट धरून हसलो. खिल्लारे सर तेवढे हसले नाहीत. “मारून शब्द निघत न्हाई,” ते म्हणाले, “निस्तं मूत निघतं.” मला राग आला. बौद्धवाड्यातला हा माणूस आम्हाला शिकवणार! तेव्हा मनात हेच आलं होतं, आणि आज ते लिहिताना मान खाली जाते.

त्यांचा एक दंडक होता. सगळ्यांत लांब शब्द ज्याला सापडेल त्यानं तो फळ्यावर लिहायचा, आणि तो लिहीत असेपर्यंत बाकी वर्गानं उभं राहायचं. बहुतेक दिवशी फळ्याकडे जायची ती सुमन, बौद्धवाड्यातल्या एका मजुराची मुलगी. एकदा दत्तराव पाटलांच्या बालाजीनं ‘प्लेट’ शोधला आणि ऐटीत उठला. तोवर हिनं मागं एस लावून ‘प्लेट्स’ केलं होतं. बालाजी चिडला. “ही फसवाफसवी हाय, सर!” सर म्हणाले, “एस तुला बी दिसला, तिला बी दिसला. तिनं उचलला. आता उभा राहा.”

दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“मास्तर, आमचं पोरगं त्यांच्या पोरीपुढं उभं राहायलंय म्हणं?”

“पोरीपुढं न्हाई, पाटील. शब्दापुढं. उद्या बालाजीला सापडला तर ती बी उभी राहील.”

“हे बंद करा.”

“पोरं शिकायलेत. खामखा कशाला बंद करू?”

पाटलांनी टेबलावरची दौत उचलून भिंतीवर फेकली आणि गेले. सरांनी शाई पुसली. तासाला पुन्हा सहा अक्षरं लिहिली.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याची बातमी आली आणि बघता बघता जिल्हा पेटला. शेजारच्या गावांत घरं जाळल्याचं रोज कानावर येई. त्याच दिवसांत माझ्या भावाच्या किराणा दुकानात पाटलांनी मला गाठलं. “अप्पा, तो रोज फळ्यावर कसली अक्षरं टाकायलाय? परभणीच्या नामांतरवाल्यांचा काही निरोप तर न्हाई ना?” पोरांचा खेळ आहे, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मला चार माणसांत विनोद करायची भारी खाज. मी म्हणालो, “कोण जाणे, पाटील! इंग्रजीतला निरोप, आपल्याला थोडाच कळणार?” दुकान हसलं. पाटील हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की खिल्लारे मास्तर फळ्यावरून खुणा धाडतो. घरोघरची पोरं तो खेळ रोज खेळत होती, पण एकाही बापानं पोराला विचारलं नाही. अप्पा गुरुजी बोलले म्हणजे खरंच असणार!

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बौद्धवाडा पेटवला. आधी रॉकेलचा वास आला, मग बांधलेल्या जनावरांचं ओरडणं. सरांची खोली शाळेमागं, माझ्या खोलीला लागून होती. ते धावत माझ्या दाराशी आले. “अप्पा, दार उघडा! अप्पा!” मी कडी लावली. दाराला पाठ लावून उभा राहिलो, आणि त्यांच्या थापा माझ्या पाठीत बसत होत्या. मग थापा थांबल्या.

खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. सरांना केस धरून मैदानात ओढत आणलं, तोंडावर लाथा घातल्या. दोघं त्यांच्या छातीवर बसले. पाटील ओरडले, “लिव्हायचा हात कोणता?” बालाजी कडेला उभा होता. म्हणाला, “उजवा.” तो हात दगडावर ठेवून पाटलांनी कुऱ्हाड उलटी धरली आणि चार घाव घातले. पहिल्या घावाला सर ओरडले, नंतरचे घाव नुसते ऐकू आले. त्यांच्या खोलीतून शब्दांच्या वह्या बाहेर आणून तिथंच जाळल्या. सुमनचं घर तेवढ्यात जळून बसलं होतं. ती माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी परभणीकडे चालत गेली, पुन्हा गावात आली नाहीत.

सरांनी फिर्याद दिली, पाटलांचं नाव घेतलं. मैदानाकडे उघडणारी खिडकी माझ्या एकट्याचीच होती. सरांनी निरोप धाडला, “लय काही नको. बघितलं तेवढंच सांगा.” खटला कोर्टात उभा राहायला काही वर्षं गेली. सरकारी वकिलानं मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं? मी म्हणालो, “दार-खिडकी बंद होती, काही दिसलं नाही.” मग पाटलांच्या वकिलानं विचारलं, ती अक्षरं कसली होती? मी म्हणालो, “मी मराठीचा मास्तर. इंग्रजीतलं मला काय कळणार?” पाटील सुटले.

बाहेर स्टँडवर सर भेटले. पाथरीकडच्या एका शाळेत ते गेले होते, डाव्या हातानं लिहायला शिकले होते. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली होती. मी म्हणालो, “सर, त्या दिवशी मी फार भ्यालो होतो.”

“दार लावलं त्याचं काई न्हाई, अप्पा. कुऱ्हाड बघितल्यावर कुणी बी कडी लावील. मी बी लावली असती.” ते माझ्याकडे बघत होते. “पण आज कोर्टात कुणाच्या हातात कुऱ्हाड होती?”

पाथरीची गाडी लागली. एका हातानं पिशवी आणि दांडी दोन्ही धरायला त्यांना जमेना. मागून एका बाईनं त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना वर चढवलं. मी दोन पावलांवर उभा होतो.