तणसाचं चित्र

गॅलरी चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. गॅलरीचा इतिहास छापायचाय, सुरुवातीपासूनची तूच एक, चार ओळी लिहून पाठव. मी आठवीत शाळा सोडलेली. इथं सुरतेत बसून लिहिताना अजून एकेक अक्षर जुळवावं लागतं. बाईंनी पुस्तिकेची कच्ची पानंही मोबाइलवर पाठवली. पहिल्याच पानावर अकोल्याच्या त्या चित्रकार मुलीनं काढलेलं चित्र. ते पाहिलं आणि जुनी जळजळ परत सुरू झाली.

अमरावतीची ही गॅलरी आधी संत्र्यांचं गोदाम होती. मी वरूडला संत्र्यांच्या पेट्या भरणारी. बाईंनी मला झाडलोटीला ठेवलं, मग चित्रं टांगायला शिकवलं. ती मुलगी माझ्याच वयाची, पण कॉलेजात चित्रकला शिकलेली. बाई तिच्याशी तासतासभर रंगांवर बोलत. मी स्टुलावर उभी राहून ऐकायची आणि खिळा मुद्दाम जोरात ठोकायची.

पहिलं प्रदर्शन आटोपल्यावर चित्रं अकोल्याला न्यायची होती. मला एकच बांधणी येत होती: खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, वर माल, पुन्हा तणस, वरून दाबून फळी. तेलरंग वरून सुकला तरी आतून ओला असतो, हे मला ठाऊक नव्हतं. अकोल्यात पेटी उघडली, तर त्या मुलीच्या चित्रातल्या निळ्या आभाळात काड्या रुतून बसलेल्या.

गेली नोकरी, असं वाटून मी रडायलाच लागले.

"काहून रडून राहिली वं?" ती म्हणाली. एक काडी उपटायला गेली आणि थांबली. "राहू दे. बरं दिसते."

"आता याले संत्र्याच्या भावानं विका," बाई म्हणाल्या. मला मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते उपकार मी विसरले नाही.

पण चित्र गाजलं. लोक त्या काड्यांपाशीच थांबत. कुणी विचारलं तर ती नुसती हसायची. आता पुस्तिकेत लिहिलंय, 'मातीशी नातं सांगणारा तणसाचा धाडसी वापर.' चूक होती तोवर माझी होती.

चार दिवस मी वही उघडली नि मिटली. बाईंना वाईट वाटलं, त्यांचे फोन थांबले तर? शेवटी लिहिलंच.

बाई, काड्या राहू द्या म्हणाली ती, हे खरं. तेवढं तिचं. पण तणस मी घातलं होतं. छापायचं नसेल तर निदान तिला वाचून दाखवा.