कोरड्या दिवशीची तपासणी

मे महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळचे अकरा, घराची किंमत अठ्ठेचाळीस लाख. पोलीस ठाण्यात माझ्या टेबलासमोर तिघे होते: घर विकणारे गृहस्थ, ते घेणाऱ्या सिस्टर आणि घर तपासून देणारा पुण्याचा इंजिनिअर. निर्दोष माणसावर गुन्हा नोंदवायला मी त्या दिवशी किती जवळ गेलो होतो, हे निवृत्तीनंतरही विसरता येत नाही.

सिस्टर खाजगी दवाखान्यात नोकरीला. आयुष्यभराची बचत आणि वर कर्ज घालून त्यांनी रो-हाउस घेतलं. घेण्याआधी तापमानाचा फरक रंगांत दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने तपासून घेतलं. अहवालात स्पष्ट होतं: 'ओल आढळली नाही.' राहायला जाऊन आठवडा होत नाही तोच हॉलची भिंत भिजली आणि तिच्यावरच्या मीटर बोर्डाजवळ सासूबाईंना शॉक बसला. म्हातारी वाचली. घराला कुलूप लावून सगळे सिस्टरांच्या बहिणीकडे गेले. सिस्टरांचा अर्ज असा की इंजिनिअरने पैसे खाऊन खोटा अहवाल दिला.

मलाही तेच वाटत होतं. तपासणीच्या दिवशी विकणाऱ्यांनी त्याला स्टँडवरून गाडीत आणलं होतं, जेवू घातलं होतं.

"साहेब, फोटो बघा," इंजिनिअर म्हणाला. "भिंत सगळी एका रंगाची आहे. ओल असती तर निळा पट्टा दिसला असता."

"मग कॅमेऱ्याला पाणी दिसलं कसं नाही?"

"त्याला पाणी दिसतच नाही. भिंतीच्या आतलंही काही दिसत नाही. ओल सुकताना वरचा भाग गार पडतो, तो फरक तेवढा दिसतो."

"म्हणजे म्हातारीला कोरड्या भिंतीनं शॉक दिला?"

त्याने फोटो पुन्हा चाळले. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. दर दहा मिनिटांनी तो फोन करायची परवानगी मागत होता. मी एकदाच दिली. घाबरलेला माणूस लपवतोय, असं मी धरून चाललो होतो.

विकणारे पन्नाशीचे, गंगापूरकडे शेती असलेले. ते निवांत होते. "मीच म्हणलो व्हतो, कंपनीचा माणूस आणा, लई बारीक बघतेत. त्यानं पास केलं. आता माझ्या नावानं कशाला बोंब?"

दोन वाजता ठाणे अंमलदाराला मी कागद तयार करायला सांगितले. तेवढ्यात हवालदार दारात.

"साहेब, तासभर सोडता का? नळ आलाय. आठ दिवसांनी आलाय, मोटार लावायची हाय."

पाण्याच्या दिवशी अशी सुट्टी मी नेहमीच द्यायचो. "जा" म्हणालो आणि हातातलं पेन थांबलं.

"तपासणी केली तेव्हा नळाला पाणी होतं?" मी इंजिनिअरला विचारलं.

"होतं ना. सगळे नळ उघडून पाहिले."

"ते टाकीचं. बाहेरच्या लाइनला?"

"ते रोजच येत असेल ना, सर?"

"घ्या! पुण्याचे पावणे. इथं आठ दिवसाला येतंय," हवालदार दारातूनच म्हणाला.

विकणारे आता फरशीकडे बघत होते.

"तपासणीचा दिवस कोणी ठरवला?"

"मी."

"पाणी कधी येणार होतं?"

"दुसऱ्या दिशी." थोडं थांबून म्हणाले, "त्यानं इचारलं नाय, मी सांगितलं नाय."

मी कागद थांबवले. त्या घराच्या गल्लीची पाण्याची पाळी बुधवारी दुपारी होती. वायरमनकडून घराची लाइट तोडली आणि दोन पंचांसमोर कॅमेरा लावला. पाणी यायच्या आधी भिंत एकरंगी. पाणी सुरू झाल्यावर पाऊण तासाने तळापासून निळा पट्टा वर चढू लागला. सिस्टरांनी माझी बाही धरली. बाहेरच्या लाइनचा पाइप हॉलच्या फरशीखालून मागच्या हौदाकडे जात होता. इंजिनिअरने खडूने खूण केली. प्लंबरने दोनच फरश्या काढल्या आणि तडकलेला जोड सापडला. कॅमेरा नसता तर अख्खा हॉल खणावा लागला असता.

दोन्ही वेळा कॅमेरा खरंच बोलला होता. त्याचं खरं त्या तासापुरतं होतं, आणि तो तास कोणता, हे त्याला कळत नाही. ते विचारायचं काम माणसाचं. मी 'कोणी' विचारलं, 'किती घेतले' विचारलं. 'केव्हा' विचारायला मला हवालदाराचा नळ यावा लागला. माझ्याच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाण्याच्या तारखांना गोल केलेले असतात, तरीही. त्या तरुणाला फोन नाकारला होता, त्याबद्दल मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

सिस्टरांना खटल्यापेक्षा घर हवं होतं, म्हणून तडजोड झाली. नवीन पाइप, वायरिंग, प्लास्टर आणि दवाखान्याचं बिल मिळून एक लाख अठरा हजारांचा चेक विकणाऱ्यांनी त्यांना दिला. इंजिनिअरने आपली साडेसात हजार फी त्यांना परत केली. ती कोणीही मागितली नव्हती.